बूटेबल सीडीचा काळ आणि औरंगाबाद

१९९५ ते २०१२ या सतरा-अठरा वर्षांत भारतातील बहुतेक घरगुती आणि शैक्षणिक संगणकांत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राला कामाला लावणारी मूळ आज्ञावली, १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवरून आली. मुंबई-पुण्यात या तबकडीला काही पर्याय तरी होते. मराठवाड्याचे मुख्य ठिकाण असलेल्या औरंगाबादेत, ज्याचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, ते फार थोडे होते. त्यामुळे इमेज फाइल मिळवणे, ती कोऱ्या सीडीवर उतरवणे आणि त्या सीडीवरून संगणक सुरू करणे ही कामे येथील संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी वर्गाबाहेर, एकमेकांच्या घरी आणि दुकानांच्या काउंटरवर आत्मसात केली. या तंत्राचा इतिहास सांगताना एक विसंगती सतत समोर येते: मराठी भाषा या तबकडीवर पोहोचली तेव्हा तबकडीचाच काळ सरत आला होता.

संगणकाला वीज मिळताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली बायॉस ही छोटी आज्ञावली प्रथम जागी होते, स्मृती, कळफलक आणि पडदा तपासते आणि मग ठरलेल्या क्रमाने फ्लॉपी, हार्ड डिस्क अशा साधनांकडे वळून त्यांपैकी कशावर पुढची आज्ञावली आहे याचा शोध घेते. या प्रक्रियेला बूटिंग म्हणतात, आणि ज्या साधनावर अशी आज्ञावली बायॉसला समजेल त्या जागी ठेवलेली असते ते बूटेबल साधन होय. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हा मान फ्लॉपी आणि हार्ड डिस्क यांनाच होता. सीडी-रॉम ड्राइव्ह जोडलेला असला तरी तो चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, आधी दुसरीकडून वाचावी लागे, आणि ते दुसरे ठिकाण बहुधा फ्लॉपीच असे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेली विंडोज ९५ सीडीवर मिळत असूनही कोऱ्या हार्ड डिस्कवर ती बसवायची तर सोबत बूट फ्लॉपी ठेवणे भाग होते; १.४४ एमबीची ती चौकोनी फ्लॉपी धुळीने किंवा बुरशीने बिघडली की शेकडो एमबीची सीडी हाताशी असून निरुपयोगी ठरे.

ही अडचण दूर करणारा करार त्याच वर्षाच्या जानेवारीत झाला होता. बायॉस बनवणारी फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम या दोन अमेरिकी कंपन्यांच्या वतीने कर्टिस स्टीव्हन्स आणि स्टॅन मर्किन यांनी सीडीवरून बूटिंग कसे व्हावे याचे एक विनिर्देशपत्र तयार केले, आणि कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील एका मेक्सिकन उपाहारगृहाच्या नावावरून त्याला एल तोरितो हे नाव दिले, असे सांगितले जाते. त्याची रचना समजून घेण्यासाठी सीडीची मांडणी पाहावी लागते. फिलिप्स आणि सोनी यांची सीडी मूळची गाण्यांसाठी होती. तिच्यावर संगणकाच्या फाइली कशा मांडाव्यात याचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ मध्ये आयएसओ ९६६० या क्रमांकाने प्रसिद्ध झाला, आणि इमेज फाइलीच्या नावापुढे आजही दिसणारे आयएसओ हे शेपूट तेथूनच आले. या संकेतानुसार सीडीवरील मजकूर प्रत्येकी २०४८ बाइटच्या सेक्टरांत, म्हणजे समान कप्प्यांत, विभागलेला असतो. शून्यापासून मोजले तर पहिले १६ सेक्टर संकेताने मोकळे ठेवले आहेत, १६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये तबकडीची मुख्य नोंद असते, आणि एल तोरितोने १७ क्रमांकाचा सेक्टर आपल्यासाठी घेतला. तेथे बायॉसला एल तोरितोचे नाव आढळले की त्याच सेक्टरमध्ये दिलेल्या पत्त्यावर जाऊन तो बूट कॅटलॉग नावाची छोटी यादी वाचतो, आणि त्या यादीत सांगितलेली आज्ञावली स्मृतीत घेऊन तिच्या हाती कारभार सोपवतो.

या योजनेतील खरी हुशारी तिच्या तडजोडीत होती. जुन्या आज्ञावल्यांना फ्लॉपीची सवय होती, म्हणून सीडीच्या पोटात एका फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायॉसने तीच खरी फ्लॉपी असल्याचे सोंग घ्यायचे, अशी सोय एल तोरितोने दिली. सोंग न घेता थेट सुरू होण्याचा दुसरा मार्गही तिने खुला ठेवला होता, आणि पुढे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या बहुतेक सीडी एच. पीटर अ‍ॅन्विन यांच्या आयसोलिनक्स या छोट्या आज्ञावलीच्या मदतीने त्याच मार्गाने सुरू होऊ लागल्या.

इमेज फाइल म्हणजे अशा तबकडीच्या सर्व सेक्टरांमधील मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता, एकाच फाइलीत उतरवलेली प्रत. तीत फाइली असतात, त्यांची सूची असते, मोकळे सेक्टर मोकळेच असतात आणि १७ क्रमांकाची ती नोंदही असते. सर्वांत सामान्य चुकीचे मूळ येथेच आहे. नवखा माणूस आयएसओ फाइल इतर फाइलींप्रमाणे उचलून सीडीवर ठेवी, सीडी तयार झाल्याचा संदेशही मिळे, पण तिच्यावरून संगणक सुरू होत नसे, कारण आता ती तबकडी म्हणजे एक भली मोठी फाइल सांभाळणारी साधी सीडी असे आणि बूट नोंद त्या फाइलीच्या आत बंदिस्त राहिलेली असे. नीरो किंवा तत्सम सीडी राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज राइट करा’ अशा अर्थाचा स्वतंत्र पर्याय निवडला तरच फाइलीतील पहिला सेक्टर तबकडीचा पहिला सेक्टर होई. हा फरक ज्याला कळला त्याला फाइल आणि फाइलसंस्था यांतील भेद कळला असे म्हणता येते, आणि पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा वाया गेलेल्या एका सीडीने तो अधिक पक्का शिकवला.

औरंगाबादेत हे ज्ञान रुजायला जमीन तयार होती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, महात्मा गांधी मिशनचे जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय १९८२ पासून चालत आले होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव लाभलेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची सीईडीटीआय ही इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षणाची संस्था होती, जी पुढे डोएक आणि त्यानंतर नायलिट या नावांनी ओळखली गेली. चिकलठाणा आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहती, त्यातही ऐंशीच्या दशकातील बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना आणि पैठण रस्त्यावरील चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना, यांच्यामुळे यंत्रज्ञ, आरेखक आणि हिशेबनीस यांचा मोठा वर्ग शहरात होता आणि त्यांच्या घरी हळूहळू असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग आणून स्थानिक दुकानदाराने जुळवलेले, संगणक येऊ लागले. अशा संगणकासोबत कंपनीची मूळ सीडी क्वचितच येई. यंत्र बिघडले की ‘फॉरमॅट मारून द्या’ एवढेच गिऱ्हाईक सांगे, आणि दुकानातला मुलगा प्लास्टिकच्या पाकिटातून मार्करने नाव लिहिलेली एक सीडी काढून ड्राइव्हमध्ये सरकवी.

त्या पाकिटांतील बहुसंख्य सीडी अनधिकृत होत्या, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. स्वामित्व हक्क कायदा १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला होता, आणि त्याच कायद्याने कायदेशीर प्रतीच्या मालकाला ती खराब होण्याच्या भीतीपोटी संरक्षक प्रत करून ठेवण्याची मुभाही दिली होती. व्यवहारात या दोन तरतुदींमधील अंतर कोणी पाळले नाही. ज्या साधनाने एका घरातील मूळ सीडीची राखीव प्रत करायची, त्याच साधनाने गल्लीभर प्रती वाटल्या गेल्या, आणि शहरातील संगणक-साक्षरतेचा पाया काही अंशी या बेकायदा उदारतेवर उभा राहिला. इतिहासकाराने ते लपवण्याचे कारण नाही, तसेच त्याचे कौतुक करण्याचेही नाही.

कायद्याने वाटता येणारी सीडी मिळाली ती मुक्त सॉफ्टवेअरमुळे, ज्याच्या परवान्यातच प्रत करून दुसऱ्याला देण्याचा हक्क लिहिलेला असतो. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने नव्वदच्या दशकातच लिनक्सच्या सीडी अंकासोबत देण्यास सुरुवात केली होती आणि पुढे पीसीक्यू लिनक्स या नावाने स्वतःची आवृत्तीच काढली. २००४ ची आवृत्ती फेडोरा कोअर १ या लिनक्स प्रणालीवर आधारलेली होती. ‘डिजिट’ हे मासिकही सीडी देत असे, आणि फेब्रुवारी २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’ सुरू झाले. इंटरनेट महाग आणि मंद असलेल्या गावात या मासिकांचा अंक म्हणजे दर महिन्याला येणारे सॉफ्टवेअरचे भांडार होते, आणि एका अंकाची सीडी वसतिगृहातील एका खोलीत आली की प्रतिरूपाने ती सर्व मजल्यांवर पोहोचण्यास अडचण नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची पहिली आवृत्ती आली आणि तिच्या प्रवर्तकांनी शिपइट नावाच्या योजनेतून कोणीही मागितलेल्या सीडी परदेशातून टपालाने मोफत पाठवल्या. एप्रिल २०११ पर्यंत ही योजना चालली. क्लाउस नोपर यांच्या नॉपिक्सने, २००० पासून, आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती: हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली सीडीवरूनच चालवता येते. अशा लाइव्ह सीडीचा दुकानदारांना झालेला उपयोग निराळाच होता, कारण बंद पडलेल्या विंडोजमधून गिऱ्हाइकाचे लग्नाचे फोटो आणि टॅलीचा हिशेब बाहेर काढण्याचा तो हुकमी उपाय ठरला.

मासिकाची वाट न पाहता इमेज फाइल स्वतः उतरवून घ्यायची तर मात्र अंकगणिताशी गाठ पडे. टेलिफोनच्या तारेवरील डायल-अप जोडणीचा उच्चतम वेग सेकंदाला ५६ किलोबिट, आणि तोही कागदावरचा. ७०० एमबीची फाइल त्या वेगाने अखंड उतरली तरी सुमारे २९ तास लागत, आणि तेवढा वेळ फोन अडवून ठेवणे, पल्सचे बिल भरणे आणि जोडणी मध्येच न तुटणे या तीन गोष्टी एकत्र जुळून येत नसत. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये डेटावन ही ब्रॉडबँड सेवा आणली आणि ती टप्प्याटप्प्याने राज्यातील शहरांत पसरली, तेव्हा चित्र बदलले. तिचा आरंभीचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता, दिवसा ठरावीक एमबीनंतर पैसे मोजावे लागत, पण काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ हा वेळ मोजणीतून वगळलेला होता. २५६ किलोबिटने सहा तासांत सुमारे ६५९ एमबी उतरतात. एका सीडीची इमेज एका रात्रीच्या मोफत वेळेत जवळजवळ नेमकी बसत होती, आणि फाइल ७०० एमबीच्या काठावर असली तर राहिलेला तुकडा दुसऱ्या रात्रीसाठी ठेवावा लागे. म्हणून तुटलेल्या ठिकाणापासून पुढे उतरवणारे डाउनलोड मॅनेजर हे सॉफ्टवेअर या काळात जवळपास प्रत्येक संगणकावर आढळे, आणि दोनचा गजर लावून उठणे व आठच्या आत मोडेम बंद करणे ही विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या बिल भरणाऱ्या वडिलांची समान चिंता होती.

फाइल हातात आल्यावर खरी कसोटी सीडी राइट करताना लागे. छापील सीडीवर कारखान्यात साच्याने उमटवलेले सूक्ष्म खळगे असतात. कोऱ्या सीडी-आरवर त्याऐवजी सेंद्रिय रंगाचा एक थर असतो, आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्या थरावर ठिकठिकाणी उष्णतेने कायमचे डाग पाडतो, जे वाचणाऱ्या किरणाला खळग्यांसारखेच भासतात. ही रेघ तबकडीच्या मध्याकडून कडेकडे जाणारी एकच सलग सर्पिल असते, तिच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, आणि एकदा पडलेला डाग पुसता येत नाही. मूळ वेग, ज्याला १ एक्स म्हणत, सेकंदाला १५० किलोबाइटचा. त्या वेगाने ८० मिनिटांची सीडी भरायला ८० मिनिटे लागत, ८ एक्सने दहा. लेसर पुढे सरकत असताना त्याला मजकुराचा पुरवठा अखंड हवा, म्हणून ड्राइव्हमध्ये बफर नावाची छोटी साठवण असे. ती २ एमबीची असली तर ८ एक्स वेगाने पावणेदोन सेकंदांत रिकामी होई. तेवढ्या वेळात संगणक दुसऱ्या कामात गुंतला, कोणी गाणे लावले किंवा व्हायरस तपासणी सुरू झाली, की रेघ तुटे आणि सीडी वाया जाई. सान्यो कंपनीने २००० मध्ये आणलेल्या बर्न-प्रूफ या तंत्राने रेघ थांबवून नेमक्या त्याच जागेपासून पुन्हा जोडणे शक्य केले, आणि हा अपघात इतिहासजमा झाला.

वीज जाण्यावर मात्र कोणत्याही जपानी कंपनीजवळ उपाय नव्हता. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात विजेची मागणी आणि पुरवठा यांत काही हजार मेगावॉटची तूट होती, आणि भारनियमनाचे वेळापत्रक हे मराठवाड्यातील दुकानांच्या, क्लासच्या आणि घरांच्या दिनक्रमाचे अंग होते. सीडी राइट करायला बसण्यापूर्वी घड्याळ पाहावे लागे. यूपीएस नसलेल्या घरात नव्वद टक्क्यांवर आलेले काम पंखा थांबताच संपे, आणि सुरुवातीच्या काळात शंभर रुपयांच्या वर किंमत असलेली कोरी सीडी फेकून द्यावी लागे. दशकाच्या मध्यापर्यंत भारतातच, विशेषतः नोएडाच्या मोझर बेअर कंपनीत, प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्यामुळे तीच सीडी दहा-पंधरा रुपयांवर आली, तेव्हा हे दुःख हलके झाले. अनुभवी माणसे इतर सर्व खिडक्या बंद करून, ड्राइव्ह ५२ एक्स म्हणत असला तरी ८ किंवा १६ एक्स निवडत. जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हना घाईने राइट केलेली सीडी नीट वाचता येत नाही, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, अर्ध्यावर अडकलेल्या इन्स्टॉलेशनमधून जाणले होते.

प्रत बरोबर उतरली की नाही हे ठरवण्याची पद्धत या साऱ्या व्यवहारातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी तयार केलेली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली एमडी५ ही गणिती रीत कितीही मोठी फाइल घेऊन तिच्यापासून १२८ बिटांची, म्हणजे ३२ चिन्हांची, एक ओळ काढते. फाइलीतील एक बिट बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. इमेज प्रसिद्ध करणारे ही ओळ सोबत देत, आणि उतरवून घेणाऱ्याने आपल्या फाइलीवरून तीच रीत चालवून दोन्ही ओळी जुळवून पाहायच्या असत. प्रतींवर प्रती होताना पाठ बिघडतो ही अडचण या भूमीला नवी नव्हती. शहरापासून पन्नास किलोमीटरवरील पैठणात एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली होती. दोन्ही कामांत मोठा फरक आहे, आणि तो विसरता कामा नये: एमडी५ पाठ बिघडला एवढेच सांगते, कोठे बिघडला हे सांगत नाही आणि दुरुस्त तर मुळीच करत नाही; त्या रीतीसाठी शुद्ध मूळ जगात कोठे तरी अस्तित्वात असावे लागते, एकनाथांना ते मिळवायचे होते. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भिन्न फाइलींपासून एकच एमडी५ ओळ काढून दाखवली, तेव्हापासून मुद्दाम केलेल्या फसवणुकीविरुद्ध ही रीत कुचकामी ठरली, पण तारेवर बिघडलेला बिट पकडायला ती पुरेशी होती. खेदाची गोष्ट अशी की ही तपासणी करणारे थोडेच निघाले, आणि इन्स्टॉलेशन मध्येच बंद पडले की दोष बहुधा सीडीच्या कंपनीवर जाई.

या सर्व वर्षांत सीडीवरून सुरू झालेल्या संगणकाने पहिले वाक्य इंग्रजीतच उच्चारले. मराठीसाठी प्रयत्न चालू नव्हते असे नाही. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० ला मराठी लिपी समजत होती. मुंबईत प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्स या प्रकल्पाने लिनक्सचे मेनू आणि संदेश भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक, म्हणजे फाँट, मुक्त परवान्याखाली खुले केले. केंद्र सरकारनेही भारतीय भाषांची मोफत सॉफ्टवेअर सीडी काढण्याचा उपक्रम केला; १५ एप्रिल २००५ रोजी तमिळ आणि २० जून २००५ रोजी हिंदी सीडी प्रकाशित झाली, आणि मराठीची सीडी त्यांच्यानंतर आली. या सरकारी सीडीत टंक होते, कार्यालयीन सॉफ्टवेअर होते, पण ती बूटेबल नव्हती. आधी इंग्रजीतून विंडोज बसवलेल्या माणसानेच ती वापरावी असे तिचे स्वरूप होते, म्हणजे मराठी ही पाया घातल्यानंतर वरून द्यायची रंगसफेदी मानली गेली होती.

इन्स्टॉलेशनच मराठीत न होण्याचे कारण केवळ अनास्थेचे नव्हते. लिनक्सच्या सीडीवरून प्रथम जो काळा अक्षरी पडदा येतो त्याच्या टंकात २५६ किंवा फार तर ५१२ आकार मावतात, आणि प्रत्येक आकार ठरावीक चौकटीत एकामागून एक ठेवला जातो. रोमन लिपीला तेवढे पुरते. देवनागरीत मात्र जोडाक्षरे बनतात, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि स्मृतीत व्यंजनानंतर नोंदलेली ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर त्याच्या आधी काढावी लागते. हे सारे करण्यासाठी अक्षरांची जुळवणी करणारी स्वतंत्र आज्ञावली आणि चित्ररूप पडदा लागतो. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीने ८ एप्रिल २००७ च्या आपल्या चौथ्या आवृत्तीत चित्ररूप इन्स्टॉलर अधिकृतपणे आणला, आणि त्यामुळे ती वाट मोकळी झाली. १४ फेब्रुवारी २००९ रोजी आलेल्या लेनी या टोपणनावाच्या पाचव्या आवृत्तीत इन्स्टॉलर ६३ भाषांत चालू लागला. त्यांतील १३ भाषा फक्त चित्ररूप पडद्यावरच शक्य होत्या. या आवृत्तीने नव्याने सामावून घेतलेल्या भाषांत अ‍ॅम्हारिक, आयरिश, नॉर्दर्न सामी आणि सर्बियन यांच्यासोबत मराठी होती.

आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेला हा मान इथिओपिया, आयर्लंड आणि युरोपच्या उत्तर टोकाकडील सामी लोकांच्या भाषांबरोबर एकाच दिवशी मिळाला, हे वाचून मराठी माणसाला काय वाटावे हे ज्याने त्याने ठरवावे. नॉर्दर्न सामी बोलणारे वीस-पंचवीस हजारच आहेत. तरीही त्या सीडीचे महत्त्व कमी होत नाही: भाषा निवडण्याच्या यादीत मराठी दिसली, तिच्यावर टिचकी मारली की हार्ड डिस्कचे विभाजन, पासवर्ड आणि वेळक्षेत्र यांचे प्रश्न मराठीत येऊ लागले, आणि संगणकाच्या जन्माची प्रक्रिया प्रथमच या भाषेतून वाचता आली. अर्थात त्या यादीपर्यंत पोहोचण्यासाठी बूटिंगच्या पहिल्या मेनूत इंग्रजीतच ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ ही ओळ निवडावी लागे. ज्याने सवयीने पहिली ओळ निवडली त्याला मराठी दिसलीच नाही, आणि औरंगाबादेतील संगणक दुरुस्त करणाऱ्यांपैकी अनेकांना ती तेथे आहे याचा पत्ताही लागला नाही. ज्या शहरात विद्यापीठ आहे आणि मराठी साहित्याची मोठी परंपरा आहे तेथे एवढी साधी बातमी पसरू नये, यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. संगणक इंग्रजीतच शिकायचा असतो हे सर्वांनी मिळून गृहीत धरले होते.

शिवाय वेळ फार उशिराची होती. जानेवारी २००७ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँडचा वेग सेकंदाला २ मेगाबिटपर्यंत नेला, त्याबरोबर एका रात्रीचे काम पाऊण-एक तासात होऊ लागले आणि फाइल जपून ठेवण्याची निकड गेली. पेनड्राइव्ह स्वस्त झाले. युनेटबूटिन आणि २०११ पासून रुफस अशा आज्ञावल्यांनी आयएसओ फाइल थेट त्यांच्यावर उतरवण्याची सोय केली. २०११ च्या सहाव्या आवृत्तीपासून डेबियनच्या इमेज संकरित, म्हणजे सीडी आणि पेनड्राइव्ह या दोहोंवरून सुरू होणाऱ्या, झाल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटूची १२.१० ही आवृत्ती ७०० एमबीच्या पलीकडे गेली आणि सीडीवर मावेनाशी झाली. डीव्हीडीचा ४.७ जीबीचा आवाका काही वर्षे कामी आला, पण तोवर लॅपटॉपमधून ड्राइव्हच नाहीसा होऊ लागला होता. मोझर बेअरवर २०१७ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती अवसायनात निघाली. एल तोरितो मात्र टिकून आहे. बायॉसची जागा यूईएफआय या नव्या व्यवस्थेने घेतल्यानंतरही आयएसओ फाइलींच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ती नोंद लिहिली जाते.

शहरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, ग्रंथालयांत आणि जुन्या दुकानांच्या कपाटांत त्या काळातील सीडींचे गठ्ठे अजून पडून आहेत. त्यांत मासिकांच्या लिनक्स सीडी आहेत, सरकारी मराठी टंकांच्या सीडी आहेत, आणि प्रबंधांसोबत जोडलेल्या, ज्यांची दुसरी प्रत कोठेच नसेल अशा सीडीही आहेत. सीडी-आरचा सेंद्रिय रंग ऊन आणि उष्णता यांनी फिका पडतो, आणि मराठवाड्याचा मे महिना या दृष्टीने फारसा दयाळू नाही. अशा तबकडीवरून आज करायचे काम पूर्वीच्या नेमके उलट आहे: डीडीरेस्क्यू या मुक्त आज्ञावलीने, खराब सेक्टर वगळत आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत, तबकडीची इमेज फाइल बनवता येते, आणि तिच्यासोबत नव्या पद्धतीची, एसएचए-२५६ ची, ओळ नोंदवून ठेवता येते. वाचणारा ड्राइव्ह बाजारात अजून मिळतो, तोवर ज्या संस्थांकडे असे गठ्ठे आहेत त्यांनी हे काम पुढील उन्हाळ्याआधी हाती घ्यावे.